महागडा कॅमेरा घ्यावा का? दुरुस्तीच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात, नौपाड्यात, गोखले रोडला लागून असलेल्या एका गल्लीत माझं कॅमेरा-लेन्स दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक काउंटर, मागे टेबल, टेबलावर दिवा आणि भिंग. नवे कॅमेरे मी विकत नाही, त्यामुळे अमुक घ्या तमुक घ्या म्हणण्यात माझा एका पैचाही फायदा नाही. तरी बिल देताना माणूस हळूच विचारतोच, "काका, तो महागातला घेण्यात अर्थ आहे का हो?" सव्वीस वर्षं हेच ऐकतोय. एकदा लिहून काढलं की निदान घसा तरी वाचेल.

पन्नास हजारांचा कॅमेरा आणि तीन लाखांचा कॅमेरा, फोटोत खरंच फरक दिसतो का?

फोटो कुठे बघणार त्यावर आहे. इन्स्टाग्राम फोटो साधारण १०८० पिक्सेल रुंदीचा करून दाखवतं आणि व्हॉट्सअ‍ॅप तर पाठवतानाच त्याला चेपून टाकतं. तिथे वरचे अडीच लाख शोधून सापडायचे नाहीत. ए-थ्री आकाराची प्रिंट ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) काढायची तर साडेसतरा मेगापिक्सेल पुरतात, आणि आज साधा कॅमेराही २४ देतो.

काउंटरच्या मागे मी तीन प्रिंट लावून ठेवल्यात. तलावपाळीची एकच संध्याकाळ, एकाच जागेवरून, तीन वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी टिपलेली. किमती मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिल्यात. कुठली महाग ते ओळखा म्हटलं की लोक आधी जवळ जातात, मग लांब जातात, मग चष्मा पुसतात. बहुतेकांचं चुकतं. भिंतीला रंग दिला तेव्हा प्रिंट उतरवल्या होत्या आणि परत लावताना मलाही मागे बघावं लागलं.

फरक दिसतो तो अडचणीच्या जागी. गडकरी रंगायतनात शेवटचा अंक चालू आहे, रंगमंचावर एकच निळा दिवा आणि फ्लॅशला बंदी. किंवा पाडव्याच्या शोभायात्रेत ढोल वाजवणारी मुलगी, चेहरा टिपरूमागे क्षणभर दिसतो आणि जातो. स्वस्त कॅमेरा तिथे मागच्या ध्वजावर फोकस करून मोकळा होतो. महाग कॅमेरा डोळा पकडतो आणि सोडत नाही. तुमचे फोटो जर दुपारी अकरा वाजता उपवन तलावाकाठी उभं राहून काढलेले असतील, तर हा पराक्रम तुमच्या उपयोगाचा नाही.

मग एवढे पैसे नेमके जातात कुठे?

हा प्रश्न माझ्या आवडीचा, कारण मला ते रोज स्क्रू काढून दिसतं.

कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स उघडली की आत प्लास्टिकच्या नळ्या, प्लास्टिकचे खाचे आणि बरंच काही नुसतं दाबून बसवलेलं असतं. काही ठिकाणी गोंद. म्हणजे ती उघडायची नाही असंच ठरवून बनवलेली. बिघडली तर माझी मजुरी लेन्सच्या सेकंडहँड किमतीच्या वर जाते, आणि मी सरळ सांगतो की दुसरी घ्या. चांगल्या लेन्समध्ये पितळेचे आटे असतात, धातूचं माउंट (कॅमेऱ्यात अडकणारी कडी) असतं, माउंटाभोवती पाणी अडवणारी रबरी कड असते, काचांचे गट सरकवून जुळवायला स्क्रू दिलेले असतात. बनवणाऱ्याने गृहीत धरलंय की वीस वर्षांनी कोणीतरी ही उघडेल. फोटोत न दिसणारा हा खर्च मला सगळ्यात पटतो.

दुसरा पैसा काचेचा. लेन्सवरचा मिमीचा आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं, एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त. ५० मिमी एफ १.८ लेन्सला प्रकाश आत यायला साधारण २८ मिमीची वाट लागते, एफ १.२ ला जवळजवळ ४२ मिमीची. प्रकाश मिळतो सव्वादोन पट. पण काच मोठी झाली की कडेच्या किरणांना वळण लावायला आणखी काचा लागतात, त्यातल्या काही वेगळ्या घाटाच्या, काही महाग जातीच्या. किंमत दहापटीच्या वर जाते. सव्वादोन पट प्रकाशाला दहापट पैसे हा हिशोब भाजी मंडईत कोणी मान्य करणार नाही, पण लेन्सच्या बाबतीत तो असाच चालतो. शेवटचा थोडासा फायदा सगळ्यात महाग पडतो.

४०० मिमी एफ २.८ चं बघा. चारशेला २.८ ने भागलं की १४३ मिमी येतात. एवढ्या रुंदीचा, पोळीच्या लाटीपेक्षा मोठा आणि फुलक्यापेक्षा थोडा लहान असा काचेचा तुकडा, आत एक बुडबुडा नाही, एक रेघ नाही. काही मोठ्या लेन्समध्ये नुसती काच पुरत नाही म्हणून फ्लोराइटचे स्फटिक कारखान्यात वाढवून वापरतात. कॅननने असा स्फटिक घातलेली पहिली लेन्स १९६९ मध्ये बाजारात आणली. फ्लोराइट तापलं की फुगतं, आणि त्या मोठ्या लेन्सना पांढरा रंग देण्यामागे उन्हात कमी तापाव्यात हे कारण आहे. आमच्याकडे लग्नाच्या फोटोग्राफरांना वाटतं तो रंग पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून असतो. तशीही पडतेच.

तिसरा खर्च सेन्सरचा. सेन्सर ज्या सिलिकॉनच्या चकतीवर बनतात ती ३०० मिमी व्यासाची. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिमी, म्हणजे एका चकतीतून जेमतेम पन्नास-साठ निघणार. फोनचे छोटे सेन्सर शेकड्यांनी निघतात. चकतीवर एक दोष निघाला तर फोनवाल्याचा शेकड्यांतला एक वाया जातो, इकडे पन्नासांतला एक. शिवाय चिप छापणाऱ्या नेहमीच्या यंत्रात एका वेळी २६ बाय ३३ मिमीपर्यंतचीच जागा छापली जाते. फुल फ्रेम त्यात मावत नाही, म्हणून दोन भाग छापून सांधा न दिसेल असे जोडावे लागतात. शिंप्याला कापड कमी पडलं की तो जे करतो तेच, फक्त चूक सूतभर सोडा, केसाच्या हजाराव्या भागाएवढीही चालत नाही.

लायका एवढा महाग का?

आधी इतिहास, थोडक्यात. जर्मनीतल्या वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यात ऑस्कर बारनाकने सिनेमाची ३५ मिमी फिल्म आडवी वापरणारा छोटा कॅमेरा पहिल्या महायुद्धाच्या आधीच करून बघितला होता. तो १९२५ मध्ये लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत 'लायका' नावाने विक्रीला आला. ३६ बाय २४ ही चौकट सगळ्या जगाने तिथूनच घेतली.

१९५४ मध्ये लायकाचा एम-थ्री कॅमेरा आला आणि त्याच्याबरोबर नवं माउंट. त्या वर्षीची लेन्स आजच्या एम कॅमेऱ्याला लागते. एका हौशी गृहस्थांनी घोडबंदर रोडवरून तशी एक आणली होती, वडिलांची, साधारण माझ्याच वयाची. आतला ग्रीस वाळून दगड झाला होता. फोकसची कडी फिरेना. मी आटे सोडवले, रॉकेलने नाही बरं का, योग्य त्या द्रावणाने धुतले, नवं ग्रीस भरलं. परत जोडल्यावर कडी बोटाने हलकेच ढकलली तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोण्यातून सुरी जावी तशी गेली, कुठे खडखड नाही की ढिलेपणा नाही. इतकी वर्षं झाली तरी धातूवर धातू बसण्यातली फट बदलली नव्हती. तेव्हा मला किंमत समजली, फोटो न काढताच.

आता दुसरी बाजू. एम-इलेव्हन जानेवारी २०२२ मध्ये आला तेव्हा नुसत्या बॉडीला, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याला, नऊ हजार डॉलरच्या आसपास किंमत होती. त्यात ऑटोफोकस नाही आणि व्हिडिओही नाही. खिडकीत दोन प्रतिमा दिसतात, कडी फिरवून त्या एकमेकींवर आणल्या की फोकस झाला. पळणाऱ्या नातवाचा फोटो त्याने काढायचा तर नातवालाच थांबवावं लागतं. चंदेरी बॉडी काळीपेक्षा शंभरेक ग्रॅम जड आहे, कारण तिचं वरचं झाकण पितळेचं आणि काळीचं अ‍ॅल्युमिनियमचं. तो जडपणा हातात घेतल्यावर ज्याला सुख होतं त्याने तो घ्यावा. थोड्या संख्येने, बराचसा हाताने जुळवलेला माल स्वस्त पडत नाही. नावाचे पैसेही त्यात आहेत, ते नाहीत असं मी म्हणणार नाही.

नाव मोठं आणि आत दुसऱ्याचाच माल, असं खरंच असतं?

असतं, आणि उघडल्यावर हसू येतं. लायकाचे डी-लक्स नावाचे छोटे कॅमेरे घ्या. २०१४ चा डी-लक्स आणि पॅनासॉनिकचा एलएक्स हंड्रेड सख्खी भावंडं आहेत. अंगरखा वेगळा, सॉफ्टवेअरमध्ये थोडी रंगसफेदी, लायकाच्या नावाचा लाल ठिपका, आणि किंमत वर. हॅसलब्लाडने तर २०१२ मध्ये कमालच केली. ज्या नावाचे कॅमेरे १९६९ मध्ये चंद्रावर गेले, त्या नावाखाली सोनीच्या नेक्स-सेव्हनला लाकडी मुठी वगैरे लावून 'लुनार' म्हणून काही पटींनी महाग विकायला काढला. छायाचित्रकारांनी त्याची इतकी थट्टा केली की तो फार टिकला नाही.

म्हणून कोणी विचारलं की मी सांगतो, नाव बघू नका, आत काय बसवलंय ते बघा. इंटरनेटवर सुट्या भागांचे फोटो मिळतात.

मेगापिक्सेल किती हवेत?

चोवीस. पोस्टर काढणार असाल तर जास्त. तपशील दुप्पट करायला पिक्सेल चौपट लागतात, त्यामुळे चोवीसचे तेहतीस झाले म्हणून जुना कॅमेरा विकायला काढू नका.

फोन असताना कॅमेरा कशाला?

नसला तरी चालेल. फोन पाच-सात फोटो एकावर एक रचून एक छान फोटो बनवतो, आणि वाढदिवसाच्या केकला तेवढं पुरे आहे. ज्याला लांबचं टिपायचंय, किंवा ज्याला बटणं फिरवण्यातच मजा येते, त्याने कॅमेरा घ्यावा. मजा येणे हे कारण पुरेसं आहे, त्यासाठी 'प्रोफेशनल क्वालिटी' वगैरे बोलायची गरज नाही.

मी लग्नाची कामं सुरू करतोय. हप्त्यावर महाग बॉडी घेऊ का?

तुमच्यासाठी उत्तर वेगळं. दोन कार्डांचे खाचे असलेली बॉडी घ्या, मग ती सेकंडहँड असली तरी चालेल. एकाच वेळी दोन्ही कार्डांवर फोटो उतरतो, एक कार्ड मेलं तरी दुसरं असतं. माझ्याकडे एक पोरगा आला होता, डोंबिवलीचं लग्न करून थेट. एकच कार्ड, आणि ते वाचेना. रात्री दीडपर्यंत आम्ही दोघे संगणकापुढे बसलो होतो. निम्मे फोटो परत मिळाले, उरलेल्यांत अंतरपाट धरलेला सगळा भाग गेला. मंगलाष्टकं परत म्हणायला भटजी येतील हो, पण पाहुणे कुठून आणणार? त्याने पैसे परत दिले, वर मुलीच्या वडिलांचं ऐकून घेतलं. महाग बॉडीची किंमत अशा दिवसांसाठी असते.

शटरचंही, म्हणजे फोटो काढताना उघड-मीट करणाऱ्या पडद्याचंही, तसंच. साध्या बॉडीचं शटर साधारण लाखभर फोटोंसाठी चाचणी करून दिलेलं असतं, वरच्या दर्जाच्या बॉडीचं चार-पाच लाखांसाठी. घरच्या माणसाला लाख फोटो काढायला दहा वर्षं लागतात. लग्नवाला दोन हंगामांत उडवतो. आता निकॉन झेड-नाइनसारख्या कॅमेऱ्यांत यांत्रिक शटरच नाही, म्हणजे माझं एक काम गेलं.

लेन्सचं मात्र आधी भाड्याने आणून बघा. ७०-२०० एफ २.८ दीड किलोच्या आसपास असते, आणि हॉलमध्ये सात तास ती गळ्यात घेऊन फिरल्यावर अनेकांना एफ ४ ची किंमत कळते.

ऐरोलीला फ्लेमिंगो टिपायचे आहेत. किती मोठी लेन्स लागेल?

ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेलं. तेव्हापासून हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रावरून बोट सुटते, ती भरती-ओहोटीच्या वेळेवर. बोटीतून चारशे मिमी तरी हवी, आणि बोट हलत असते म्हणून झटपट फोकसही हवा. पण नेरूळच्या डीपीएस तलावावर पक्षी आले की रस्त्याच्या कडेला उभं राहून दोनशे-तीनशेतही काम होतं. आधी दोन रविवार तिथे जा. पहाटे साडेसहाला उठवत नसेल तर लेन्सचे पैसे वाचले.

ट्रायपॉडमध्ये मात्र काटकसर करू नका, हे स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. मी एकदा दोन हजारांचा घेतला. खाडीकाठच्या ओल्या दगडावर पाय हळूच आत सरकला, आणि गिऱ्हाइकाची नव्हे, माझीच लेन्स नाकावर पडली. पुढची काच वाचली, फिल्टरची कडी अर्धचंद्र झाली. ती अजून टेबलाच्या खणात आहे.

नवं मॉडेल आलं की लगेच घ्यावं का?

हापूसची पहिली पेटी कोण घेतं? वाशीच्या एपीएमसीत जानेवारी-फेब्रुवारीत पहिली पेटी येते, तिचा भाव वर्तमानपत्रात छापून येतो. मे महिन्यात तेच झाड, तीच चव, कदाचित जास्तच गोड, आणि भाव निम्म्याखाली. कॅमेऱ्याचाही मे महिना येतो. वर्ष-दीड वर्षात बॉडी उतरते, सॉफ्टवेअरमधल्या चुकाही तोवर दुरुस्त झालेल्या असतात. लेन्सचा भाव इतका पडत नाही, म्हणून पैसे थोडे असतील तर जुनी बॉडी आणि चांगली लेन्स हे जोडपं घ्या.

कॅमेऱ्याचं ठीक आहे, बाकीच्या महाग वस्तूंचं काय?

हे मला का विचारतात कळत नाही, पण विचारतात. घड्याळाचं सोपं आहे. उत्तम यांत्रिक घड्याळाला स्वित्झर्लंडचं जे प्रमाणपत्र मिळतं, त्यात दिवसाला सहा सेकंद पुढे किंवा चार सेकंद मागे पडलेलं खपतं. साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधरा सेकंद इकडेतिकडे. म्हणजे वेळ बघायला लाखोंचं घड्याळ हे शेकड्यातल्या घड्याळापेक्षा वाईट. ते घेणारा वेळ बघायला घेत नाही, आत फिरणारी चाकं बघायला घेतो, किंवा दुसऱ्याने बघावं म्हणून घेतो. माझ्या मनगटावर वडिलांचं एचएमटी जनता आहे. रोज सकाळी चावी देतो. दिवसाला अर्धा मिनिट मागे पडतं, आणि मला कुठे विमान पकडायचंय?

पैठणीचं मात्र मला महागात शिकायला मिळालं. धाकट्या बहिणीच्या लग्नात आईसाठी एका मोठ्या दुकानातून पैठणी घेतली. हातमागाची, असं विक्रेत्याने दोनदा सांगितलं आणि किंमतही तशीच लावली. काही वर्षांनी शिर्डीहून येताना येवल्याला थांबलो. विणकराच्या घरात, ओटीवरच माग होता. त्या वहिनींनी आईच्या पदराची टोकं धरली, उलटा केला आणि मोराच्या पाठीवरून नखाने हलकेच ओढलं. नखात दोन सैल धागे आले. काही बोलल्या नाहीत. उठून स्वतःच्या मागावरचा पदर उलटा करून दाखवला. मोर पुढून होता तसाच मागून, एक धागा लोंबत नव्हता. हातमागावर प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी तेवढ्याच जागेत नेतात, धागा शेजारच्या धाग्यात अडकवतात आणि परत फिरवतात, म्हणून मागे काही उरत नाही. यंत्रावर धागा मागून लांब जातो, मग कापावा लागतो. आम्ही चहा पिऊन उठलो तोवर त्यांच्या मोराची मान बोटभरही वर सरकली नव्हती.

आईने गाडीत बसल्यावर एवढंच विचारलं, "मग माझी कितीची?" मी उत्तर दिलं नाही.

येवल्याची आणि पैठणची पैठणी २०१० पासून भौगोलिक मानांकनात आहे, आता पावतीवर हातमागाचा उल्लेख मागता येतो. महाग वस्तू घेताना ती उलटी करून बघायची सवय मला त्या ओटीवर लागली. लेन्सलाही लागू आहे: माउंटाची बाजू बघा.

उलटंही घडतं. वस्तू अस्सल, हाताची, आणि किंमत बनवणाऱ्याला मिळत नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटलीतल्या फॅशन कंपनीने मिलानमध्ये अगदी तशाच चपला घातलेले पुरुष मॉडेल चालवले, तेव्हा आधी कोल्हापूरचं नावही घेतलं नव्हतं. गदारोळ झाला तेव्हा मान्य केलं. घाट कोल्हापुरात जो आहे तोच. कोल्हापुरातल्या दुकानाच्या पायरीवर आणि मिलानच्या काचेमागे किमतीत जो फरक पडतो, तो चपलेच्या आत शोधू नका.

महाग लेन्सला बुरशी लागत नाही ना?

लागते. बुरशीला पावती वाचता येत नाही.

ठाण्यात जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते. येऊरच्या पायथ्याशी किंवा खाडीलगत राहणाऱ्यांकडे तर कपाटातले चामड्याचे बूटही पांढरे होतात. लेन्सच्या आत धुळीचा कण आणि ग्रीसचा वास असला की बुरशीला जेवण तयार. आधी काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखी एक बारीक शाखा दिसते. तेव्हा आणलीत तर साफ होते. वर्षभर तशीच ठेवली की बुरशीतून निघणारं आम्ल काचेवरचा लेप (कोटिंग) खातं, आणि मग मी काच पुसली तरी तिचा नकाशा कायम राहतो.

मला सगळ्यात वाईट वाटतं ते या गिऱ्हाइकांचं. वसंत विहारमधल्या एका आजोबांनी निवृत्तीच्या पैशांतून फार सुंदर लेन्स घेतली होती. खराब होईल म्हणून ते ती वापरायचे नाहीत. मूळ चामडी डब्यात, वर मलमलीचं फडकं, वर प्लास्टिकची पिशवी, आणि तीन पावसाळे कपाटाच्या वरच्या कप्प्यात. चामडं ओल धरून ठेवतं, पिशवी ती बाहेर जाऊ देत नाही. लेन्स उघडली तर मधल्या गटावर अख्खी वडाची पारंबी. त्याच दिवशी एका बातमीदाराची तशीच लेन्स आली होती, रंग उडालेली, कडेला पोचे, रोज मोटरसायकलवर हिंडणारी. आत स्वच्छ. रोज उजेड आणि वारा लागतो तिथे बुरशी बसत नाही.

उपाय साधा आहे. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये ठेवा. त्याच्या फार खाली नेलात तर ग्रीस आणि रबर वाळतं. सिलिकाचे खडे रंग बदलले की मंद आचेवर कढईत परतून घ्या, ती कढई पुन्हा पोह्यांना वापरू नका. तांदळात कॅमेरा पुरू नका, तांदळाचं पीठ बटणांत जातं आणि ते मलाच काढावं लागतं. दहा हजारांच्या आसपास विजेवरचं ड्राय कॅबिनेट मिळतं. तीन लाखांचं सामान असेल तर हे आधी घ्या.

सेकंडहँड किंवा बिनबिलाचा घेतला तर?

सेकंडहँड जरूर घ्या. लेन्स उजेडासमोर धरून टॉर्चने आत बघा, शटर काउंट (आजवर किती फोटो काढून झालेत तो आकडा) विचारा, रबराची मूठ चिकट झालीय का बघा. काही कंपन्यांचा तो मखमली रंग आमच्या हवेत दहा वर्षांत गूळ होतो, महागातला असला तरी.

बिनबिलाच्या मालाबद्दल: डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी २०१९ च्या सुरुवातीला २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तेवढे वाचवायला लोक फोर्टातून बिल न घेता आणतात. वाचतात खरे. मग पहिल्या वर्षात मदरबोर्ड गेला की कंपनीचं केंद्र हात लावत नाही, आणि मग माझ्याकडे येतात. मदरबोर्ड मी बनवत नाही.

लायका घेऊन ठेवला तर गुंतवणूक होईल का?

बारनाकने स्वतः वापरलेला, १०५ क्रमांकाचा लायका २०२२ मध्ये वेट्झलारच्या लिलावात १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. तुमचा कॅमेरा बारनाकने वापरलेला नाही. चांगली लेन्स भाव धरते, डिजिटल बॉडी धरत नाही. पैसे वाढवायचे असतील तर बँकेत जा.

घरी किंमत किती सांगू?

हे दुरुस्तीत येत नाही. एवढंच सांगतो की एका गृहस्थांनी घरी सांगितलेला आकडा खरा धरून त्यांच्या पत्नीने तेवढ्यालाच ती लेन्स शेजारच्या मुलाला विकली. तो मुलगा आनंदाने सर्व्हिसिंगला घेऊन आला होता, मागोमाग अर्ध्या तासात ते गृहस्थ.

दुरुस्तीला आणताना काय काळजी घेऊ?

बॅटरी चार्ज करून आणा, कार्ड घरी ठेवा. बिघाड कधी होतो ते कागदावर लिहा, "कधी कधी होतं" एवढ्यावर मला काही सापडत नाही. आत पाणी गेलं असेल तर चालू करून बघू नका, बॅटरी काढा आणि त्याच दिवशी या, खारं पाणी असेल तर त्याच तासाला. स्कूटरच्या डिकीत टाकू नका, गोखले रोडचे खड्डे लेन्सच्या स्क्रूंना माहीत आहेत. रिक्षात मांडीवर धरा. सोमवारी दुकान बंद असतं.